खिशातलं गुणांचं कार्ड

‘त्याला सगळं येतं हो, पण करत नाही.’ वर्तनविकार असलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाची आई समुपदेशकासमोर बसली की तक्रार बहुधा इथूनच सुरू होते. बुद्धी शाबूत, हातपाय धड. पण खोली आवरणं, वेळेवर घरी येणं, बोलणी खाल्ल्यावर दार न आपटणं, इथे सगळं अडतं. या अडणाऱ्या गोष्टी म्हणजेच उपचाराचा खरा विषय, असं मानून १९६७ साली अमेरिकेत, कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावी एक प्रयोग सुरू झाला.

‘अचीव्हमेंट प्लेस’ म्हणजे एक साधं राहतं घर. न्यायालयाने पाठवलेल्या मोजक्या मुलांसोबत एलरी आणि एलेन फिलिप्स हे जोडपं तिथे राहायचं. मुलांजवळ कायम एक कार्ड असे. वर्तमानपत्र वाचलं, गृहपाठ केला, भांडी घासली की त्यावर गुण चढत. धमकावणीची भाषा केली, उशीर केला की कापले जात. साठलेल्या गुणांवर सायकल, टीव्ही, गावात भटकायची परवानगी मिळे. बाथरूमच्या सफाईचा ‘मॅनेजर’ कोण, याचा तर चक्क लिलाव! ज्याची बोली मोठी त्याने इतरांकडून काम करवून घ्यायचं. सफाई जशी होईल तसे त्याचे स्वतःचे गुण. पुढे मुलं मतदानाने मॅनेजर निवडू लागली.

गुणांचा हा बाजार मला थोडा खटकतोच. पण त्याला लाच म्हणून मोडीत काढणं अन्यायाचं होईल, कारण मुलगा सुधारत गेला की हिशेब थांबवला जाई. शिवाय खरं काम कार्डाच्या बाहेर चाले. कुणी चूक दाखवली तर तोंड न फिरवता ऐकायचं, कपाळाला आठी न घालता ‘बरं’ म्हणायचं, हे आधी करून दाखवत, मग मुलाकडून तिथल्या तिथे करून घेत. नुसतं ‘नीट वाग’ सांगून हे येत नाही.

सत्तरच्या दशकात नेब्रास्कातल्या बॉइज टाऊन या मुलांच्या संस्थेने ही पद्धत उचलली. १९८२ मध्ये मात्र संशोधक किरिगिन आणि सहकाऱ्यांनी अशा घरांचा हिशेब मांडला. तिथे राहत असताना मुलांचे गुन्हे इतर संस्थांतल्या मुलांपेक्षा कमी होते. बाहेर पडल्यावर तो फरक टिकला नाही.

असं का व्हावं, याचा धागा त्याच वर्षी आलेल्या मानसशास्त्रज्ञ जेरल्ड पॅटरसन यांच्या ग्रंथात सापडतो. आई सांगते, मुलगा भडकतो, शेवटी ताट आईच उचलते. तेवढ्यापुरतं भांडण मिटतं, म्हणून दोघांनाही हीच वाट अंगवळणी पडते. ज्या घरी मुलगा परतायचा, तिथे ही वाट तशीच असेल तर लॉरेन्सची शिकवण किती दिवस पुरणार?

ऑरेगॉनमध्ये १९८३ पासून पॅट्रिशिया चेंबरलेन यांनी क्रम बदलला. मुलगा दुसऱ्या, प्रशिक्षित कुटुंबात राहत असतानाच त्याच्या स्वतःच्या आईवडिलांचीही शिकवणी सुरू होई.