संगणकाची तारीख आणि उधारीचा घोळ

कौंडण्यपूरच्या कार्तिक यात्रेसाठी बांगड्या, कापड उधारीवर देणाऱ्या व्यापारी बंधूंनी दुकानातला जुना विंडोज एक्सपी संगणक एकदा तपासावा, असे आम्ही सुचवतो. त्यात अमेरिकी पद्धत असल्यास महिना आधी येतो. ५ नोव्हेंबरचे बिल ‘११/५’ छापले जाते अन् गिऱ्हाईक ११ मे वाचते. मग वायद्यावरून तंटा! कंट्रोल पॅनेलमधील ‘रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’मध्ये दिवस आधी येणारी तारखेची पद्धत निवडावी. हिशेबाचे काही प्रोग्रॅम आपलीच पद्धत चालवतात, म्हणून एक बिल छापून पाहावे.

एक्सपीची देखभाल मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवली. अशा यंत्राला इंटरनेट जोडू नये. बंद करून चालू करताच तारीख मागे जात असेल, तर बहुधा मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपलेला असतो. तो बदलून तारीख नव्याने भरावी.