ठिणग्या गाळणारं यंत्र

चाकणच्या कारखान्यांतले वेल्डिंगचे रोबो, विजेच्या मोटरींचे ड्राइव्ह आणि इन्व्हर्टर हवेत जो रेडिओ गोंगाट सोडतात, त्यावर लिहा, असं संपादकांनी सुचवलं. अशा गोंगाटाची सर्वांत जास्त धास्ती कुणाला, याचा माग काढत मी नाशिक रस्त्याने राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव करत खोडदला पोचले. चाकणहून सरळ रेषेत हे अंतर चाळीसेक किलोमीटर. इथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे: 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना, त्यातल्या 14 मध्यभागी आणि 16 तीन बाजूंना लांबवर पसरलेल्या. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी ही जागा निवडली, कारण भोवती डोंगरांचा आडोसा होता आणि माणसाने केलेला रेडिओ गोंगाट कमी होता.

अँटेनांचे फोटो सगळेच काढतात. मला खिळवून ठेवलं ते रिसीव्हरने.

आलेल्या लहरीचे लवकरात लवकर आकडे करायचे आणि पुढची निवड, गाळणी सगळी गणितावर सोपवायची, ही आजच्या रिसीव्हरची रीत. टीव्हीच्या स्वस्त यूएसबी डोंगलवर रेडिओ ऐकणारे हौशी लोक 2012 पासून हेच करतात. लहर थेट शून्य वारंवारतेवर उतरवणाऱ्या रिसीव्हरमध्ये पडद्याच्या बरोबर मधोमध एक सुळका उभा राहतो. तो स्टेशनचा नसतो, यंत्राच्या स्वतःच्या पोटातला असतो. शून्याजवळ फ्लिकर नॉइज, म्हणजे इलेक्ट्रॉनिक भागांचा स्वतःचा गोंगाटही वाढत जातो. म्हणून जाणकार ट्यूनिंग मुद्दाम थोडं बाजूला ठेवतात आणि उरलेला फरक सॉफ्टवेअरमध्ये भरून काढतात.

ट्यूनिंगची हीच निवड इथे फार मोठ्या प्रमाणावर करावी लागते. सुधारित जीएमआरटी 120 ते 1450 मेगाहर्ट्झ ऐकते, पण 850 ते 1050 हा तुकडा तिने सोडला आहे. मोबाइलचा 900 चा पट्टा तिथेच येतो. उरलेल्या भागाचं मोल मोठं आहे. हायड्रोजनची 1420 मेगाहर्ट्झची खूण विश्वाच्या प्रसरणामुळे खाली घसरते. अर्णब चक्रवर्ती आणि निरुपम रॉय या खगोलशास्त्रज्ञांनी एका दूरच्या दीर्घिकेतली ही खूण 620 च्या आसपास टिपली. तो संकेत निघाला तेव्हा आपली पृथ्वी जन्मलीही नव्हती.

पण या पट्ट्यांच्या तळाशी विजेच्या तारा बोलतात. सैल फिटिंग किंवा चिरलेला इन्सुलेटर असला की 50 हर्ट्झच्या प्रत्येक आवर्तनात दोनदा ठिणग्या उडतात, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा. सेकंदाला 80 कोटी नमुने घेणाऱ्या रिसीव्हरच्या चिपमध्ये यासाठी एक गाळणी बसवली आहे. सरासरी काढली तर ठिणग्याच ती फुगवतात आणि स्वतः सुटून जातात. म्हणून ही गाळणी मध्यक धरते, कारण मूठभर ठिणग्यांनी मध्यक फारसा हलत नाही. मर्यादेबाहेर गेलेला नमुना तिथल्या तिथे बदलला जातो, दुरुस्तीला नंतर वाव नसतो. इतक्या घाईत इतका नेमका विवेक करणारं यंत्र मी दुसरं पाहिलेलं नाही.

पण गाळणीचीही हद्द ठरलेली आहे. ठिणगी क्षणात विझते म्हणून ती सापडते. एकाच सुरात बोलत राहणारा उपग्रह या गाळणीच्या तावडीत येत नाही. तो वारंवारतेच्या त्या त्या वाहिनीतून नंतर वेगळा काढावा लागतो. आणि गोंगाट इतका वाढला की आकडे होण्याआधीच अ‍ॅम्प्लिफायर गुदमरला, तर कोणतंही सॉफ्टवेअर काही करू शकत नाही.

म्हणूनच भोवतालच्या जमिनीवर काय उभं राहतं, हा प्रश्न इथे रिसीव्हरइतकाच तांत्रिक आहे. पुणे–नाशिक रेल्वेचा आधी आखलेला मार्ग नारायणगावजवळून जाणार होता. जीएमआरटीचं कारण देऊन रेल्वे मंत्रालयाने तो बाजूला ठेवला. मंचर, नारायणगावच्या लोकांना हा निर्णय डाचतो. महामार्गावरच्या कोंडीत रोज अडकणाऱ्या माणसाला रेल्वे हवी, यात त्याचं काय चुकलं? पण विजेवर धावणारी गाडी म्हणजे छतावरून तारेला घासत वीज घेणारा पेंटोग्राफ, आणि पेंटोग्राफ म्हणजे पुन्हा ठिणग्या. अंतर, डोंगर आणि तारांची देखभाल मिळून त्यातल्या किती अडवता येतील, याचं मोजमाप लोकांसमोर मांडून चर्चा व्हायला हवी. नुसतं दुर्बिणीचं नाव पुढे केलं, तर तिच्याबद्दलचा राग तेवढा वाढत राहील.