सांडणी आणि तिचे राखणदार

मराठ्यांच्या इतिहासांतील सांडणीस्वार आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु सांडण्यांचे कळप ज्यांनीं पिढ्यान् पिढ्या वाढविले, त्या लोकांची ओळख आपणांस क्वचितच असते. राजस्थानांत हें काम राईका ज्ञातीचें. यांसच रेबारी अथवा रबारी असेंही म्हणतात. पूर्वीं राजपूत राजांचे उंट हेच लोक सांभाळीत, आणि दूरदूरचे निरोपही हेच पोहोंचवीत.

पार्वतीनें मातीचा उंट घडविला, शंकरानें त्यांत प्राण घातला, आणि त्या खोडकर जनावरास आवरण्यासाठीं पहिला राईका निर्माण केला, अशी त्यांची आख्यायिका आहे. त्यामुळें उंट राखणें हा त्यांस नुसता धंदा वाटत नाहीं, तर ईश्वरानें नेमून दिलेला धर्म वाटतो. कसायास उंट विकणें ज्ञातीस निषिद्ध. फार काय, दूध विकणें हेंही पूर्वीं पातकच मानीत.

मग चरितार्थ चाले कशावर? सांडणी सुमारें तेरा महिने गाभण असते, आणि साधारणतः दोन वर्षांतून एक पिलूं देते. माद्या कळपांत राखावयाच्या, आणि वाढलेले नर पुष्करच्या कार्तिकी जत्रेसारख्या बाजारांत ओझ्यासाठीं व गाडीसाठीं विकावयाचे, हा त्यांचा हिशेब. जोडीस मेंढरें असतात. पावसाळा सरला कीं कित्येक कुटुंबें कळप घेऊन माळव्याकडे वा हरियाणाकडे निघतात, तीं पहिल्या पावसाच्या सुमारास परततात. वाटेंत शेतकरी आपल्या रानांत मेंढ्या बसवून घेतात, आणि लेंडीखताच्या मोबदल्यांत धान्य किंवा रोकड देतात. आपल्याकडील धनगरांची रीत ज्यांस ठाऊक आहे, त्यांस हा व्यवहार नवा वाटणार नाहीं. कच्छांतील कांहीं रबारी तर उंटांसह थेट विदर्भांत फिरत असतात.

हा जुना हिशेब आतां चुकूं लागला आहे. ट्रॅक्टर व मोटारी आल्या, तशी ओझ्याच्या उंटाची गरज घटली. कालव्याच्या पाण्याखालीं वाळवंटांत शेतें झालीं. अरवलींतील कुंभलगड अभयारण्यांत चराईवर बंधनें आलीं. देवाच्या नांवें राखलेलीं 'ओरण' नांवाचीं चराऊ रानेंही आक्रसलीं. पशुगणनेप्रमाणें राजस्थानांत २०१२ सालीं सुमारें ३ लक्ष २६ हजार उंट होते. २०१९ सालीं ते सुमारें २ लक्ष १३ हजार उरले.

सरकार स्वस्थ बसलें होतें, असें नाहीं. २०१४ सालीं उंटास राज्यपशूचा मान मिळाला, आणि २०१५ च्या कायद्यानें त्याच्या हत्येस बंदी झाली. परवान्यावांचून त्यास राज्याबाहेर नेण्यासही मनाई झाली. हेतु निःसंशय दयेचा होता. परंतु परराज्यांतील गिऱ्हाइकें जत्रेंत येईनाशीं झालीं, नराची किंमत कोसळली, आणि ज्या एका विक्रीवर राईकाचें वर्ष निघे तीच आटली. जनावर वांचविण्यासाठीं जें केलें, त्यानें राखणदाराचेच हात बांधले गेले. कळप मोडून शहरांत मजुरीस जाणारा तरुण कायद्यानें कसा थांबावा?

आतां आशा आहे ती दुधाची. हें दूध किंचित् खारट असतें, आणि त्याचें दहीं गाईम्हशीच्या दुधासारखें घट्ट लागत नाहीं. २०१६ सालीं सरकारनें त्याचें प्रमाण ठरवून विक्रीस वाट करून दिली. २०१९ पासून कच्छी सांडणींचें दूध अमूलच्या बाटल्यांतून विकलें जाऊं लागलें. राईकांमध्यें काम करणाऱ्या जर्मन पशुवैद्य इल्झे कोहलर-रोलेफ्सन यांच्या प्रयत्नांनीं पाली जिल्ह्यांतील सादडी येथेंही दुग्धशाळा निघाली. दूध विकूं नये हा वाडवडिलांचा दंडक मोडावयाचा, कीं दंडकासह कळपही जाऊं द्यावयाचा, असा हा कठीण प्रश्न आहे. आणि कांहींनीं पहिला मार्ग पत्करला आहे.

भूतदया ही आपल्या संस्कृतीची मोठी शिकवण खरी. पण पाळीव जनावर रानांत एकटें जगत नसतें. तें माणसाच्या घराच्या आधारानें जगतें. म्हणून ज्यास सांडणी वांचवावयाची आहे, त्यानें आधीं तिच्या राखणदाराची चूल पेटती आहे कीं नाहीं, हें पाहिलें पाहिजे.