*पाचट पेटवू नका : धूर घरात येतो, खत हवेत जातं*



ऊसतोड जोरात सुरू आहे. फड मोकळा झाला की पाचटाला काडी लावायची, ही आपल्याकडची जुनी सवय. तोडणीनंतर खोडव्याला पाणी द्यायची घाई असते, मजूर मिळत नाहीत, हे खरं आहे. पण त्या एका काडीने काय जातं ते आधी बघू.

*धुरात काय असतं?*
पाचट पूर्ण जळत नाही, धुमसतं. त्यातून कार्बन मोनॉक्साइड वायू आणि अतिशय बारीक कण बाहेर पडतात. यातले बरेच कण अडीच मायक्रॉनपेक्षा लहान, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या भागाहूनही बारीक असतात. नाकात ते अडत नाहीत, थेट फुफ्फुसात उतरतात आणि त्यातले काही रक्तातही जातात.

थंडीत त्रास जास्त का? संध्याकाळी जमीन लवकर गार होते. जमिनीलगतची हवा गार आणि वरचा थर उबदार, त्यामुळे धूर वर जात नाही. तो रात्रभर गावावरच तरंगतो. सकाळी दिसतं ते सगळं धुकंच असतं असं नाही.

*कोणाला धोका?*
▪️ लहान मुलं, म्हातारी माणसं, गरोदर बाया, दम्याचे आणि हृदयाचे रुग्ण.
▪️ लगेच होणारा त्रास : डोळे चुरचुरणं, खोकला, धाप, दम्याचा झटका.
▪️ वर्षानुवर्षे धूर घेतला तर : फुफ्फुसाचे कायमचे आजार, हृदयविकार, पक्षाघात. गरोदरपणात बाळाचं वजन कमी भरण्याचा धोका.

घरात चूल असेल तर हा धूर त्यात भर घालतो. हवा ही फक्त दिल्ली-मुंबईची अडचण नाही. केंद्राचा राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम 2019 साली सुरू झाला. त्यातल्या शहरांत कोल्हापूर, सांगली, सोलापूरही आहेत. तिथे वाहनं, धूळ, कारखाने अशी कारणं अनेक आहेत. पण पाचटाचा धूर थांबवणं आपल्याच हातात आहे.

*खिशाचा हिशोब*
एकरी साधारण 4 टन पाचट निघतं. त्यात नत्र अर्धा टक्का धरलं तरी 20 किलो होतं, म्हणजे युरियाची जवळपास एक गोणी. जाळलं की हे नत्र आणि सेंद्रिय कर्ब जवळजवळ सगळा हवेत जातो. पालाश राखेत राहतो, पण राख वाऱ्यावर उडते. शिवाय ठिबकच्या नळ्या आणि शेजाऱ्याचा उभा ऊस धोक्यात येतो तो वेगळाच.

*मग करायचं काय? (एकरी)*
1️⃣ बुडख्यांवरचं पाचट ओढून सरीत सारखं पसरा. बुडखे उघडे राहिले की फुटवा चांगला येतो.
2️⃣ बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटा.
3️⃣ पाचटावर 32 किलो युरिया आणि 40 किलो सिंगल सुपर फॉस्फेट टाका.
4️⃣ पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक 4 किलो, ओलसर शेणखतात मिसळून पसरा. युरियात मिसळू नका.
5️⃣ पाणी द्या. पाचट ओलं झालं की पायाने दाबून मातीला टेकवा.

*नेहमीच्या शंका*
❓ युरिया कशाला? पाचट कुजवताना जिवाणूंना नत्र लागतं. ते नाही दिलं तर जमिनीतलं ओढून घेतात आणि खोडवा पिवळा पडतो.
❓ पाणी पुढे सरकत नाही? एक आड एक सरीत पाचट ठेवा, मोकळ्या सरीतून पाणी द्या.
❓ खत कसं द्यायचं? पहारीने, बुडख्याच्या बाजूला भोक घेऊन.
❓ मजूर नाहीत? ट्रॅक्टरवर चालणारं पाचट कुट्टी यंत्र चार-पाच जणांनी मिळून भाड्याने लावा. खर्च वाटला जातो.

आच्छादनामुळे ओल टिकते, तणही कमी उगवतं. उन्हाळ्यात पाण्याची पाळी लांबली तर याचा फरक कळेल.

*शेजारी धूर असेल तर* दारं-खिडक्या लावा, म्हाताऱ्यांना आणि पोरांना आत ठेवा. रुमालाने बारीक कण अडत नाहीत; बाहेर जावंच लागलं तर एन-95 मास्क नीट बसवून वापरा. धाप थांबत नसेल तर घरगुती उपायात वेळ घालवू नका, 108 ला फोन करा.

यंदा निदान एक एकर न जाळता ठेवून बघा. हा मेसेज शेजारच्या फडवाल्यालाही पाठवा.

– कृषी सल्ला विभाग, आपली शेतकरी उत्पादक कंपनी