झाकण का आणि कसले?

उघड्या टाकीतून मासा उडी मारतो ती बहुधा घाबरून: अचानक लागलेला दिवा, दांडगाईने पाठलाग करणारा सोबती, पाण्यातला अमोनिया वाढणे किंवा ऑक्सिजन कमी पडणे. नव्या टाकीतल्या पहिल्या काही रात्री सर्वांत धोक्याच्या. काहींचा तर उडी हा स्वभावच आहे. दक्षिण अमेरिकेतला अरोवाना पाण्याबाहेर झेप घेऊन फांदीवरचे किडे टिपतो. हॅचेटफिश, किलीफिश, झेब्रा डॅनिओ हेही पट्टीचे उडीबाज. केरळ-कर्नाटकातल्या नद्यांमधला ‘मिस केरळ’ याच पंक्तीतला. २०१३ साली त्याला ‘सह्याद्रिया’ हे नवे प्रजातिनाम (genus) मिळाले.

काचेचे झाकण बाष्पीभवन रोखते. ॲक्रिलिकची शीट मात्र ओलावा आणि उष्णतेने काही दिवसांत वाकते. आमच्या मते घरच्या टाकीला सर्वांत बरी ती जाळी: ॲल्युमिनियमच्या चौकटीत ताणून बसवलेली, खिडकीला लावतो तशी. हवा खेळती राहते, प्रकाशही फारसा अडत नाही. अरोवान्यासारख्या ताकदवान माशाला मात्र जड झाकण आणि त्यावर वजन हवेच.

फायटर, गुरामी हे मासे पृष्ठभागावर येऊन हवा घेतात, म्हणून पाणी काठापासून पाच-सात सेंटिमीटर खाली ठेवा. फिल्टरची नळी आणि हीटरची वायर जिथून आत जाते ती फट स्पंजने बुजवा. सापासारखा सडपातळ रोपफिश तेवढ्यातूनही निसटतो. आणि झाकण बसवण्याचे काम मासे आणण्याआधी उरका.