नाव देणे आणि नावे ठेवणे

कल्याणनजीक दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करासाठी उभारलेल्या बराकींत फाळणीनंतर सिंध प्रांतातील सुमारे एक लाख माणसे येऊन राहिली, तेव्हा सरकारदरबारी त्यांची नोंद ‘निर्वासित’ म्हणून झाली आणि मुंबई सरकारने 1948 साली याच नावाने कायदाही केला. शब्द व्याकरणदृष्ट्या निर्दोष होता. तथापि कराचीस ज्याची चालती पेढी होती, त्या गृहस्थाला शिधापत्रिकेच्या रांगेत जेव्हा ‘अहो निर्वासित, इकडे या’ असे ऐकावे लागले, तेव्हा त्या एका संबोधनाने त्याचे नाव, धंदा, घराणे आणि अब्रू ही सारी पुसली जाऊन त्याच्या पदरी केवळ बेघरपणा उरला. ‘आम्ही विस्थापित आहो, आश्रित नव्हे’ असे या मंडळींचे म्हणणे. कित्येकांनी तर ‘पुरुषार्थी’ हे बिरुद पसंत केले. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीचे ‘उल्हासनगर’ असे नामकरण झाले आणि 1954 सालच्या नुकसानभरपाईच्या केंद्रीय कायद्याने ‘विस्थापित व्यक्ती’ ही संज्ञा वापरली. परंतु कल्याणकरांच्या तोंडी ‘कॅम्प’ तो कॅम्पच राहिला. पुढे नकली वस्तूला ‘उल्हासनगरचा माल’ म्हणण्याचा प्रघात पडला. दुकानात सहज हे बोलणाऱ्याच्या मनात कोणाचा अपमान करावयाचा नसतो हे मान्य केले, तरी शेजारी उभा असलेला सिंधी मुलगा ते ऐकतो आणि आपण या गावचे अद्याप झालो नाही, एवढे त्याला कळून चुकते.

बोलणाऱ्याचा हेतू शुद्ध असला म्हणजे शब्द शुद्ध ठरतो, हा समज फार जुना आहे. ‘हरिजन’ या शब्दाचा पुरस्कार महात्मा गांधींनी सद्भावनेनेच केला होता, याविषयी मला शंका नाही. तरीही 22 जानेवारी 1938 रोजी मुंबईच्या विधानसभेत लोकल बोर्डांच्या कायद्यातील दुरुस्तीवर चर्चा चालू असता नाशिकचे भाऊराव गायकवाड यांनी त्या शब्दास हरकत घेतली, सरकार पक्षाने बहुमताच्या बळावर तो कायम ठेवला, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या सभासदांसह सभागृहाबाहेर पडले. या हरकतीचे मर्म मला असे दिसते की, ज्यांना ते नाव वागवावयाचे त्यांना न विचारता ते ठरविण्यात आले होते, आणि नाव कितीही गोड असले तरी ते वरून खाली दिले गेले की त्यात देणाऱ्याचे श्रेष्ठत्व गृहीत धरलेले असते. जातीच्या दाखल्यांवर हा शब्द लिहू नये, असा केंद्राचा हुकूम निघण्यास 1982 साल उजाडावे लागले.

आजच्या ठाणे-डोंबिवलीत हेच निराळ्या शब्दांनी चालू आहे. डोंबिवली स्थानकाबाहेर ‘भैया, मेथी कशी दिली?’ असे विचारणारी बाई आणि ‘या भय्या लोकांनी सगळे फुटपाथ अडवले’ म्हणणारा तिचा शेजारी या दोघांनी एकच शब्द उच्चारला. परंतु विक्रेता आपल्या थोरल्या भावाला ज्या नावाने हाक मारतो तेच नाव, अनेकवचन होऊन व ‘लोक’ हे शेपूट जोडून घेऊन, दुसऱ्याच्या तोंडी शिवीच्या पंक्तीला जाऊन बसले. ‘घाटी’चेही तसेच. घाटावरून आलेले दोन मित्र परस्परांना घाटी म्हणून हसतात, कारण त्यातून एका मुलखाचे नाते सांगितले जाते. शाळेत एखाद्याच्या मराठी उच्चारांवरून वा डब्यातल्या भाकरीवरून तोच शब्द फेकला गेला, तर मुलगा दुसऱ्या दिवशी भाकरी नेण्याचे नाकारतो. डिसेंबर 2024 मध्ये कल्याणच्या एका गृहसंकुलात धुपाच्या धुरावरून निघालेली कुरबूर मराठी माणसांना उद्देशून वापरल्या गेलेल्या अपशब्दांच्या तक्रारीमुळे आणि झालेल्या मारहाणीमुळे थेट विधिमंडळात पोहोचली. धूर बाजूला राहिला आणि दोन कुटुंबांचा तंटा दोन समाजांचा होऊन बसला. आपल्याला ‘घाटी’ म्हटलेले ज्यांना झोंबते, त्यांनी ‘भय्ये’ म्हणताना जीभ आवरू नये, याचे मला मनापासून दुःख होते.

कायद्याचा हात येथे मर्यादितच पोहोचतो. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर 2020 मध्ये वस्त्यांना व रस्त्यांना असलेली जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर यांसारखी नावे देण्याचा निर्णय घेतला, तो उचितच होता. पण पाटी बदलली तरी रिक्षावाल्याला पत्ता सांगणारे तोंड आपलेच असते. म्हणून ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील गृहनिर्माण संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की, पाण्याच्या वा वाहनतळाच्या वादात कोणी ‘तुम्ही लोक’ अशी सुरुवात केली, तर अध्यक्षांनी त्यास तेथेच थांबवावे, सदनिकेचा क्रमांक व माणसाचे नाव घेऊन तक्रार मांडावयास सांगावे, आणि मगच सभेचे काम पुढे चालवावे.