रिकामे भांडे परत जात नाही

दुबईच्या देरा भागात मगरिबची अजान होते, तेव्हा चिपळूणला रोजा सुटून तासाहून अधिक वेळ झालेला असतो. आई फोनवर रोज एकच प्रश्न विचारते, "काय खाल्लंस रे?"

चिपळूणजवळच्या एका गावातून गेलेल्या तरुणाचा हा परदेशातला पहिला रमजान. गोदामात नोकरी. एका खोलीत चौघे, एकावर एक खाटा आणि सगळ्या फ्लॅटला मिळून एकच स्वयंपाकघर. रमजानमध्ये तिथे कामाचे दोन तास कमी होतात. मशिदीशेजारच्या मंडपात खजूर, लबन, बिर्याणी असा पोटभर इफ्तार मिळतो. उपाशी राहण्याचा प्रश्नच नव्हता.

टोचत होते ते वेगळेच. गावी या महिन्यात त्याचे काम ठरलेले असे: अजानच्या आधी झाकलेले ताट शेजारच्या हिंदू घरी पोहोचवायचे. ते ताट कधी रिकामे परत आले नाही. कधी फणसाचे गरे, कधी नुसता गुळाचा खडा. इथे मात्र तो रोज दुसऱ्याच्या दस्तरखानावर बसत होता. रोजेदाराचा रोजा सोडवणाऱ्याला त्याच्याइतकेच पुण्य मिळते, असे पैगंबरांनी सांगितले आहे. पण खोलीत रोजा त्याचा एकट्याचाच. एक सोबती साताऱ्याचा, एक कोळिकोडचा, दोघेही हिंदू, तिसरा नेपाळी. मग खाऊ घालायचे कोणाला? विचार करता करता त्याला आठवले, गावचे ताटही रोजेदाराकडे जात नव्हतेच.

सुट्टीच्या दिवशी त्याने शेगडीची पाळी मागून घेतली. आईने बांधून दिलेला मसाला काढला, खोबरे-कांदा भाजून वाटण केले, कोंबडीचे कालवण चढवले. रोज्यामुळे तो चव घेईना. मीठ चाखायचे काम सातारकराने केले, दोनदा, आणि जरा जास्तच मनापासून.

भाकरीने मात्र दगा दिला. कडा फाटल्या, तिसरी तर तव्यालाच चिकटली. कोळिकोडच्या सोबत्याने पीठ बोटांत चोळून पाहिले. "हे पुट्टूचं, जाडं," म्हणत तो खाली दुकानात गेला आणि बारीक पीठ घेऊन आला. उकळत्या पाण्यात मीठ, त्यात पीठ, झाकण, मग गरम असतानाच मळणे. त्याच्या शेजारचे मुसलमान रमजानात अशीच पत्तिरी करतात, लहानपणापासून खाल्लेली. कोकणातली उकडीची भाकरी मलबारात वेगळ्या नावाने भेटली.

जमिनीवर वर्तमानपत्रे अंथरली गेली. कालवणाचा वास खोलीभर पसरला होता. दुपारपासून तिघांनीही काही खाल्ले नव्हते, पण अजान होईपर्यंत कोणी ताटाला हात लावला नाही. आधी एकेक खजूर, मग भाकरी. ज्वारीवर वाढलेल्या सातारकराने पाच खाल्ल्या.

बसण्यापूर्वीच एक डबा शेजारच्या खोलीतल्या फिलिपिनो माणसाकडे गेला होता. पहाटे सहरीला उठल्यावर तो दाराशी सापडला. घासून लख्ख केलेला, आत तीन केळी.

तेवढ्यात आईचा फोन आला. चिपळूणला सहरी केव्हाच आटोपली होती. तिने नेहमीचा प्रश्न विचारायच्या आतच तो म्हणाला, "काल मी ताट पाठवलं होतं. रिकामं नाही आलं."